रँग्लर आणि त्यांचे कोच

इ. स. १८९९ साली केंब्रिज विद्यापीठाच्या गणित परीक्षेचा निकाल लागला, तेव्हा यादीत सर्वांत वर दोन नावे बरोबरीने होती. एक होते जॉर्ज बर्टविसल या इंग्रज विद्यार्थ्याचे आणि दुसरे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांचे. कोकणातल्या मुर्डी गावी जन्मलेला आणि पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेला हा तरुण 'सीनियर रँग्लर' झाला आणि 'रँग्लर' हा शब्द मराठीत कायमचा रुजला. पुढे ग. स. महाजनी, वि. वा. नारळीकर यांच्या नावाआधीही तो आदराने लागू लागला. १९५९ साली जयंत नारळीकर यांनीही हा मान मिळवला.

इंग्रजी विद्यापीठांच्या त्याच आवारातून आणखी एक शब्द आपल्याकडे आला आहे, पण त्याचे मूळ आपण विसरलो आहोत. तो शब्द म्हणजे 'कोच'. हंगेरीमध्ये कोच नावाचे एक गाव आहे. तिथे बनणाऱ्या घोडागाड्यांवरून युरोपभर चांगल्या गाडीला 'कोच' म्हणू लागले. १८३०च्या सुमारास ऑक्सफर्ड आणि केंब्रिजच्या विद्यार्थ्यांनी गमतीने हा शब्द आपल्या खासगी शिक्षकाला लावला. गाडीत बसले की मुक्कामी लवकर पोहोचता येते, तसे या शिक्षकाकडे गेले की परीक्षेच्या मुक्कामी लवकर पोहोचता येते, हा त्यातला अर्थ. खेळातला कोच त्यानंतरचा आणि आपला 'कोचिंग क्लास' तर फारच नंतरचा.

'रँग्लर' हा शब्द आपण हार घालून मिरवतो आणि 'कोचिंग'बद्दल नाक मुरडतो. प्रत्यक्षात हे दोन्ही शब्द एकाच परीक्षेच्या सावलीत वाढले. शिकवण्यांच्या प्रश्नावर शिक्षक खोलीत आपण नेहमीच वाद घालतो. त्या वादाला उपयोगी पडेल असा एक पूर्ण झालेला प्रयोग इतिहासात आहे. तो सुरू कसा झाला, त्यातून काय निपजले आणि तो थांबला कसा, हे तिन्ही आपल्याला ठाऊक आहे.

हुज्जतीपासून उत्तरपत्रिकेपर्यंत

केंब्रिजच्या या परीक्षेचे नाव 'ट्रायपॉस'. जुन्या काळी पदवीदानाच्या वेळी उमेदवारांशी वाद घालायला बसणाऱ्या पदवीधराचे स्टूल तीन पायांचे असे, त्यावरून हे नाव पडले. 'रँगल' म्हणजे हुज्जत घालणे. लॅटिनमध्ये तोंडी वाद घालून आपले म्हणणे सिद्ध करील तो रँग्लर. अठराव्या शतकात हळूहळू तोंडी वादाची जागा लेखी उत्तरांनी घेतली आणि १७४८च्या सुमारास उमेदवारांची गुणानुक्रमे यादी छापली जाऊ लागली. वरच्या वर्गातले ते रँग्लर, त्यांच्या खाली सीनियर ऑप्टिमे आणि ज्युनियर ऑप्टिमे असे दोन वर्ग. पहिला आला तो सीनियर रँग्लर. यादीत अगदी शेवटी असणाऱ्याला त्याचे मित्र लाकडाचा भलामोठा चमचा भेट देत.

ही प्रवेश परीक्षा नव्हती, पदवी परीक्षा होती. पण तिचे काम आपल्या प्रवेश परीक्षांसारखेच होते. यादीतल्या क्रमांकावर महाविद्यालयाची फेलोशिप मिळे, म्हणजे राहणे, जेवण आणि वार्षिक वेतन यांची सोय होई. फेलोशिप नको असली तरी वकिली, धर्मपीठ, शाळेचे मुख्याध्यापकपद अशा सगळ्या वाटा त्या क्रमांकाने सोप्या होत. गणितज्ञ होण्याची इच्छा नसलेली मुलेही म्हणून तीन-साडेतीन वर्षे रात्रंदिवस गणित करीत.

परीक्षेचा आकार वाढत गेला. १८५४ साली जेम्स क्लार्क मॅक्सवेल परीक्षेला बसला तेव्हा आठ दिवसांत सोळा प्रश्नपत्रिका होत्या. एकूण वेळ साडेचव्वेचाळीस तास आणि एकूण प्रश्न २११. भागाकार केला तर एका प्रश्नाला साडेबारा मिनिटांच्या आसपास वेळ मिळतो. तेवढ्यात प्रश्न वाचायचा, रीत सुचायची आणि सुवाच्य अक्षरात लिहायचेही. परीक्षा भर जानेवारीत असे, म्हणजे बोटे गारठलेली.

कोच का लागला?

इतकी कठीण परीक्षा घेणारे विद्यापीठ शिकवतही तितकेच काळजीपूर्वक असेल, असे कुणालाही वाटेल. पण तसे नव्हते. प्राध्यापकांची व्याख्याने परीक्षेला धरून नसत. महाविद्यालयातला अध्यापक एकाच वर्गात हुशार आणि कच्च्या अशा सगळ्यांना एकत्र शिकवी. त्यात अभ्यासक्रम सतत फुगत होता. १८१२च्या सुमारास चार्ल्स बॅबेज, जॉन हर्शेल आणि जॉर्ज पीकॉक या तरुणांनी युरोपातले नवे कलनशास्त्र केंब्रिजमध्ये आणण्याची चळवळ सुरू केली. पीकॉक परीक्षक झाल्यावर १८१७ साली ते प्रश्नपत्रिकेतही आले. वर्गात मात्र ते शिकवायला फारसे कोणी तयार नव्हते. प्रश्नपत्रिका आणि वर्ग यांच्यामध्ये पडलेल्या या फटीत खासगी शिक्षक शिरला.

विद्यापीठाने त्याला अडवण्याचा प्रयत्न केला. परीक्षेआधीच्या दोन वर्षांत खासगी शिकवणी घेतलेल्याला परीक्षेला बसू देणार नाही, असा नियम १७८१ साली झाला. पण फट तशीच राहिली, त्यामुळे नियम पाळला गेला नाही. बंदीचा काळ कमी कमी करत १८२४ साली तो सहा महिन्यांवर आला आणि पुढे ती बंदी नावापुरतीही उरली नाही. आपल्याकडे जानेवारी २०२४मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने मार्गदर्शक सूचना काढून सोळा वर्षांखालील मुलांना कोचिंग केंद्रांनी प्रवेश देऊ नये असे सांगितले. हेतू चांगला होता, १७८१चाही चांगलाच होता.

लग्न झालेला कोच

पहिला मोठा कोच म्हणजे विल्यम हॉपकिन्स. हा मूळचा शेतकरी. पहिली पत्नी वारल्यावर त्याने शेती विकली आणि तिशीच्या उंबरठ्यावर केंब्रिजमध्ये नाव घातले. १८२७ साली तो सातवा रँग्लर झाला. एवढ्या क्रमांकावर एरवी फेलोशिप मिळाली असती, पण हॉपकिन्सने दुसरे लग्न केले होते आणि फेलो अविवाहित असलाच पाहिजे असा दंडक होता. तेव्हा संसार चालवण्यासाठी त्याने शिकवण्या सुरू केल्या. १८४९पर्यंत त्याच्या हाताखालून सुमारे दोनशे रँग्लर गेले होते. त्यांत सतरा सीनियर रँग्लर होते आणि पहिल्या तीन क्रमांकांत आलेले एकूण चव्वेचाळीस. लोक त्याला 'सीनियर रँग्लर घडवणारा' म्हणू लागले.

त्याच्या विद्यार्थ्यांची नावे पाहिली तर पदार्थविज्ञानाच्या पाठ्यपुस्तकाची सूची वाचतो आहोत असे वाटते. जॉर्ज स्टोक्स, आर्थर केली, पुढे लॉर्ड केल्व्हिन झालेला विल्यम टॉमसन, पीटर टेट आणि मॅक्सवेल हे सगळे त्याचेच. हॉपकिन्स स्वतः भूशास्त्रातला नाणावलेला संशोधक होता. पृथ्वीचे कवच किती जाड असावे हे तिच्या अक्षाच्या डोलण्यावरून काढण्याचा त्याने प्रयत्न केला.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायला हवी. पहिल्या वर्षात कोण चमकतो हे पाहून हॉपकिन्स आपले विद्यार्थी निवडून घेई. पुढे वर्तमानपत्रात फोटो छापून येण्याजोग्या यशाचे निम्मे बी त्या निवडीतच पेरलेले असे. यशस्वी शिकवणीचे मोजमाप करताना आत कोण घेतले होते हा प्रश्न तेव्हाही कोणी फारसा विचारत नसे आणि आजही विचारत नाही.

हॉपकिन्सची एक हकिकत मला फार महत्त्वाची वाटते. नॉटिंगहॅमजवळच्या जॉर्ज ग्रीन नावाच्या पवनचक्कीवाल्याने १८२८ साली विद्युत आणि चुंबकत्वाच्या गणिती सिद्धांतावर एक निबंध वर्गणी गोळा करून छापला होता. आज ग्रीनचा सिद्धांत पदवीच्या वर्गात सगळे शिकतात, पण तेव्हा त्या निबंधाकडे कोणाचे लक्ष गेले नव्हते. विल्यम टॉमसनला एका लेखात त्याचा उल्लेख सापडला आणि तो निबंध मिळवण्यासाठी त्याने बरीच धडपड केली, पण तो कुठे मिळेना. जानेवारी १८४५मध्ये परीक्षा संपली. टॉमसन पॅरिसला निघण्याच्या तयारीत होता. जाता जाता त्याने हॉपकिन्सजवळ विषय काढला, तर हॉपकिन्सने आपल्याजवळच्या प्रती काढून त्याच्या हातात ठेवल्या! टॉमसनने तो निबंध पॅरिसला नेला, तिथल्या गणितज्ञांना दाखवला आणि पुढे जर्मनीतल्या एका नामांकित नियतकालिकात पुन्हा छापवून घेतला. एकोणिसाव्या शतकातल्या विद्युतशास्त्राला त्यातून नवे बळ मिळाले.

टॉमसन ज्या निबंधाच्या शोधात होता तो त्याच्या कोचच्या खोलीतच होता. शिकवणीच्या काळात त्याचा विषयच निघाला नव्हता, कारण परीक्षेत त्याला जागा नव्हती. हॉपकिन्स वाईट शिक्षक होता असे यातून कोणी म्हणणार नाही. त्याच्याजवळ निबंध होता, त्याचे मोल जाणणारी दृष्टी होती आणि तो घ्यायला योग्य विद्यार्थीही होता. फक्त परीक्षा मध्ये उभी होती आणि ती बाजूला झाल्यावरच निबंध एका हातातून दुसऱ्या हातात गेला.

राउथची खोली

हॉपकिन्सनंतरचा आणि त्याच्याहून यशस्वी कोच म्हणजे एडवर्ड राउथ. १८५४च्या परीक्षेत राउथ पहिला आला होता आणि मॅक्सवेल दुसरा. मॅक्सवेलने विद्युतचुंबकीय सिद्धांत मांडला, तर राउथने तेहतीस वर्षे शिकवण्या घेतल्या. १८५५ ते १८८८ या काळात सहाशेहून अधिक विद्यार्थी त्याच्याकडे शिकले. पंचवीसहून अधिक सीनियर रँग्लर त्याचे होते आणि एका कालखंडात वीसहून अधिक वर्षे हा मान सलगपणे त्याच्याच विद्यार्थ्याला मिळत गेला. लॉर्ड रॅले, जोसेफ लार्मर, इलेक्ट्रॉनचा शोध लावणारा जे. जे. टॉमसन, तत्त्वज्ञ व्हाइटहेड ही त्याच्या विद्यार्थ्यांपैकी काही नावे.

राउथकडे कोणती जादू होती? त्याच्या विद्यार्थ्यांनी लिहिलेल्या आठवणी वाचल्या तर जादू कुठेच दिसत नाही. दिसते ती व्यवस्था. दहाच्या आत मुलांचा गट, साधारण एकाच तयारीची मुले एकत्र. एक दिवसाआड, ठरलेल्या वेळी, बरोबर एक तास. राउथ वक्ता नव्हता. तो शांतपणे, मुद्देसूद, काहीही न गाळता शिकवी. पहिल्या सत्रापासून दहाव्या सत्रापर्यंत कोणता विषय केव्हा हे आधीच ठरलेले असे : आधी बीजगणित, त्रिकोणमिती, शंकुच्छेद, कलन; मग स्थितिगतिशास्त्र, प्रकाश, खगोल; आणि शेवटी उजळणी. दर आठवड्याला उदाहरणांचा एक संच दिला जाई. तो तपासून गुण लावले जात आणि त्या संचाची राउथच्या हस्ताक्षरातली संपूर्ण उत्तरे खोलीत ठेवलेली असत. मुले ती वाचत, उतरवून घेत आणि आपली रीत त्याच्या रीतीशी ताडून पाहत.

यातली एकेक गोष्ट सुटी करून पाहा. लहान गट, ठरलेला क्रम, नियमित लेखन, लगेच तपासणी आणि आपली चूक समजून घेण्याची सोय. अध्यापनशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकात चांगल्या शिकवण्याची हीच लक्षणे दिलेली असतात. तोंडी हुज्जतीच्या जागी कागदावर उदाहरणे सोडवून शिकण्याची जी पद्धत आपण आज स्वाभाविक मानतो, ती बऱ्याच अंशी या खासगी खोल्यांमध्ये घडली, असे अँड्र्यू वॉरविक या इतिहासकाराने २००३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले आहे. राउथ स्वतः कोरडा घोकंपट्टीवालाही नव्हता. एखादे फिरते यंत्र स्थिर राहील की भरकटेल हे समीकरणाच्या सहगुणकांवरून ठरवण्याची त्याची कसोटी १८७७च्या निबंधात आली आणि आजही नियंत्रण अभियांत्रिकीत ती त्याच्या नावाने शिकवली जाते.

बुद्धी किती, तालीम किती?

या परीक्षेचे गुण जाहीर होत नसत. फ्रान्सिस गाल्टनने मात्र परीक्षकांकडून काही आकडे मिळवले आणि १८६९ साली आनुवंशिक बुद्धिमत्तेवरच्या आपल्या पुस्तकात छापले. एका वर्षी एकूण गुण होते १७,०००. सीनियर रँग्लरला मिळाले ७,६३४. दुसऱ्याला ४,१२३ आणि यादीत शेवटच्याला २३७.

शिक्षकाच्या नजरेने हे आकडे पाहण्यासारखे आहेत. पहिल्या आलेल्यालाही ४५ टक्केच. पेपर पूर्ण सोडवता येणारच नाही इतका मोठा होता. पहिल्याचे गुण शेवटच्याच्या बत्तीस पट आहेत. यावरून गाल्टनने निष्कर्ष काढला, की माणसामाणसांत जन्मजात बुद्धीचा फरक एवढा प्रचंड असतो. पण इथे एक गोष्ट निसटते. हे गुण जन्मजात मुलाचे नव्हते. तीन वर्षे कोचकडे घासलेल्या मुलाचे होते. गाल्टनला हे ठाऊक नसणे शक्य नव्हते, कारण तो स्वतः हॉपकिन्सच्या शिकवणीला होता आणि ताण सहन न होऊन तिसऱ्या वर्षी आजारी पडला होता. ऑनर्सची परीक्षा न देता साधी पदवी घेऊन त्याला बाहेर पडावे लागले.

या निष्कर्षाची खरी परीक्षा मुलींनी घेतली. स्त्रियांची बुद्धी गणिताला पुरी पडत नाही, असे तेव्हा सर्रास म्हटले जाई. १८८० साली गर्टन महाविद्यालयाच्या शार्लट स्कॉटला अनौपचारिकरीत्या पेपर देण्याची परवानगी मिळाली. तिचे गुण आठव्या रँग्लरइतके भरले. निकाल वाचताना आठव्या मुलाचे नाव आले तेव्हा सभागृहातल्या विद्यार्थ्यांनी 'स्कॉट ऑफ गर्टन' असा गजर करून ते नाव ऐकूच येऊ दिले नाही. पुढल्याच वर्षी मुलींना परीक्षेला बसण्याची रीतसर परवानगी मिळाली. १८९० साली फिलिपा फॉसेट ही 'सीनियर रँग्लरच्या वर' आल्याचे जाहीर झाले. तिचा कोच होता अर्नेस्ट हॉब्सन, म्हणजे राउथच्या हाताखाली तयार झालेला १८७८चा सीनियर रँग्लर. तीच तालीम मुलीला मिळाल्यावर निसर्गाने घातलेली म्हणून सांगितलेली भिंत दिसेनाशी झाली. विद्यापीठाला मात्र स्त्रियांना पदवी द्यायला १९४८ साल उजाडले.

तेव्हा 'हुशार मुलांना शिकवणी लागत नाही' आणि 'शिकवणीने काहीच होत नाही' ही आपली दोन आवडती वाक्ये इतिहासाला धरून नाहीत. शिकवणीने खूप काही होते, आणि म्हणूनच ती कोणाला मिळते हा न्यायाचा प्रश्न होतो.

एक उदाहरण आणि घड्याळ

मग बिघडले कुठे? ते समजण्यासाठी त्या काळच्या प्रश्नांच्या धर्तीचे एक उदाहरण घेऊ. प्रश्नाचा पहिला भाग पुस्तकातला असे आणि त्याला जोडून एक नवा भाग येई. समजा पहिला भाग असा : तिरप्या फेकलेल्या चेंडूचा मार्ग अन्वस्त असतो हे सिद्ध करा. जोडभाग असा : एकाच बिंदूतून, एकाच वेगाने, एकाच उभ्या प्रतलात, पण वेगवेगळ्या कोनांत चेंडू फेकले, तर सगळ्या अन्वस्तांच्या नाभी एका वर्तुळावर येतात हे दाखवा.

रीत माहीत असेल तर उत्तर चार ओळींचे आहे. अन्वस्तावरचा कोणताही बिंदू नाभीपासून जितका दूर, तितकाच त्या अन्वस्ताच्या डायरेक्ट्रिक्स या रेषेपासून दूर असतो. चेंडूची डायरेक्ट्रिक्स आडवी असते. ती फेकण्याच्या बिंदूपासून किती उंच आहे हे फक्त वेगावर अवलंबून असते, कोनावर नाही. वेगाच्या वर्गाला गुरुत्वत्वरणाच्या दुपटीने भागले की ती उंची मिळते. वेग सगळीकडे सारखाच, म्हणून उंची सारखी, म्हणून नाभीचे अंतरही सारखे. वर्तुळ तयार.

मी हे उदाहरण १९९०च्या दशकाच्या अखेरीस, बारावीत असताना, जिल्ह्याच्या गावी एका क्लासमध्ये केले. सरांनी रीत फळ्यावर लिहिली, आम्ही ती उतरवली, 'दोन मिनिटांत व्हायला हवे' असे ते म्हणाले आणि खरोखरच माझे दोन मिनिटांत होऊ लागले. पंधरा वर्षांनी एका शिक्षक शिबिरासाठी आलेखाच्या कागदावर आकृती काढायला बसलो, तेव्हा पहिल्यांदा ते वर्तुळ मी पाहिले. वेग सेकंदाला २० मीटर आणि गुरुत्वत्वरण सोयीसाठी १० धरले, तर वर्तुळाची त्रिज्या २० मीटर येते. कोन बदलला की नाभी वर्तुळावरून सरकते. चेंडू जिथे पुन्हा जमिनीला टेकतो ते अंतर नाभीच्या आडव्या अंतराच्या दुप्पट असते. म्हणजे चेंडू सर्वांत लांब केव्हा जाईल? नाभी वर्तुळाच्या अगदी कडेला, जमिनीच्या पातळीत असेल तेव्हा. तो कोन ४५ अंशांचा आणि अंतर ४० मीटर. जे उत्तर मी सूत्रात घालून शेकडो वेळा काढले होते, त्याचे कारण माझ्या दोन मिनिटांच्या उत्तरात पहिल्यापासून होते. मी तिथे थांबलो नव्हतो, कारण थांबण्याला गुण नव्हते.

केंब्रिजच्या हुशार मुलांचे असेच होत असे. बर्ट्रांड रसेल १८९३ साली सातवा रँग्लर झाला आणि परीक्षा संपताच त्याने आपली गणिताची सगळी पुस्तके विकून टाकली. पाचेक वर्षांनी जी. एच. हार्डी त्याच रांगेत उभा होता. कोचकडच्या क्लृप्त्यांना तो इतका कंटाळला, की गणित सोडून इतिहास घ्यावा असा विचार त्याने केला. तेवढ्यात ए. ई. एच. लव्ह या प्राध्यापकाने त्याला झोर्दां या फ्रेंच गणितज्ञाचा विश्लेषणावरचा ग्रंथ वाचायला सांगितला. गणित म्हणजे खरोखर काय हे आपल्याला तेव्हा कळले, असे हार्डीने पुढे लिहिले. परीक्षेत तो चौथा आला.

यादी गेली

१९०७ साली विद्यापीठाने मतदान घेऊन गुणानुक्रमाची यादी रद्द करायचे ठरवले. विरोध मोठा होता. यादी गेली तर अभ्यासाची ईर्ष्या जाईल, दर्जा घसरेल, असे पुष्कळांना वाटत होते. बदल मागणाऱ्यांत हार्डी होता, तसा कोच म्हणून नाव मिळवलेला हॉब्सनही होता. १९०९ साली शेवटचा सीनियर रँग्लर जाहीर झाला. त्यानंतरही रँग्लर होतच राहिले, पण ती प्रथम वर्गाची पदवी झाली आणि वर्गातली नावे वर्णानुक्रमे छापली जाऊ लागली. वर उल्लेख केलेले नंतरच्या पिढ्यांतले आपले रँग्लर या नव्या पद्धतीतले.

यादीबरोबर कोचही गेला. त्याच्यावर बंदी घालावी लागली नाही. एका गुणाने एक क्रमांक वर जाण्यात अर्थ उरला नाही तेव्हा त्याची गरजच संपत गेली. त्याची पद्धत मात्र गेली नाही. एकदोन विद्यार्थी, आठवड्याला उदाहरणांचा संच, समोर बसून तपासणी हा क्रम महाविद्यालयांनी आपल्याच अध्यापकांकडून सुरू ठेवला. आजही केंब्रिजमध्ये विद्यार्थी असेच शिकतात आणि त्यासाठी त्यांना वेगळा कोच शोधावा लागत नाही.

हार्डीचे समाधान एवढ्यानेही झाले नाही. १९२६ साली गणित शिक्षकांच्या संघटनेपुढे अध्यक्षीय भाषण करताना त्याने ही परीक्षा सुधारू नका, बंदच करा, असे सांगितले. तिच्यामुळे इंग्लंडमधले शुद्ध गणित शंभर वर्षे मागे राहिले असे त्याचे मत होते. हे म्हणणे पूर्णपणे मान्य करणे मला कठीण जाते, कारण स्टोक्स, मॅक्सवेल, रॅले हे सगळे त्याच गाडीतून उतरलेले प्रवासी आहेत. मॅक्सवेल तर पुढे स्वतः परीक्षक झाला आणि उष्णता, विद्युत व चुंबकत्व हे जिवंत विषय त्याने प्रश्नपत्रिकेत आणले. परीक्षकाने मनावर घेतले तर कोचच्या कपाटातले निबंध बाहेर येऊ शकतात, याचे हे चांगले उदाहरण आहे.

आपल्या वर्गात

केंब्रिजच्या यादीत शंभरएक नावे असत. आपल्याकडच्या अभियांत्रिकी प्रवेशाच्या राष्ट्रीय परीक्षेला दहा लाखांहून अधिक मुले बसतात. जागा थोड्या आणि मुले फार असताना क्रम लावणे टाळता येत नाही, हे मान्य करायला हवे. १९०९चा उपाय आपल्याला उद्या जसाच्या तसा लागू करता येणार नाही. बारावीचे वर्ग नावाला महाविद्यालयात आणि प्रत्यक्षात क्लासमध्ये भरतात अशी स्थिती महाराष्ट्रात कित्येक ठिकाणी आहे. ती एका लेखाने बदलणारीही नाही.

पण या इतिहासातून दोन गोष्टी आपल्या हातात उरतात. पहिली, कोचने जे चांगले केले ते शिक्षकाचेच काम होते. महाविद्यालयाने ते टाकून दिले होते म्हणून कोचने उचलले. साठ मुलांच्या वर्गात राउथचा गट करता येत नाही. पण आठवड्याला पाच उदाहरणांचा एक संच देता येतो आणि दुसऱ्या दिवशी त्याची पूर्ण सोडवलेली उत्तरे वर्गाच्या भिंतीवर लावता येतात. त्याला फी लागत नाही आणि ज्यांच्या पालकांना क्लास परवडत नाही त्यांना त्याची सर्वांत जास्त गरज असते. त्या मुलांपुरता तरी तोच त्यांचा कोच.

दुसरी गोष्ट क्लासला करता येत नाही. ती फक्त शाळेलाच जमते, कारण शाळेजवळ अजून थोडा वेळ आहे. महिन्यातून एक तास घड्याळ उलटे ठेवून एकच उदाहरण करावे. वर दिलेले चेंडूचे उदाहरण अकरावीला चालेल. प्रत्येक बाकावर एकेक कोन वाटून द्या : १५, ३०, ४५, ६०, ७५ अंश. प्रत्येकाने आपला अन्वस्त काढावा आणि नाभीवर ठिपका द्यावा. मग सगळे कागद खिडकीच्या काचेवर एकावर एक धरा. ३० आणि ६० अंशांचे चेंडू एकाच जागी का पडतात, हे वर्तुळ दिसल्यावर मुले स्वतः सांगतात. यंत्रे बंद ठेवून हा तास सहज पुरतो, आणि परीक्षेत त्याला एकही गुण नाही.